विमानं सगळे बघतात, मी जर्सी बघते

विमानवाहू जहाजाचा फोटो आला की आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर लगेच हिशेब सुरू होतो. मिग किती, राफेल कधी येणार, चीनकडे जहाजं किती, आपल्याकडे किती. तोवर माझी नजर फोटोच्या खालच्या कोपऱ्यात गेलेली असते. तिथे पिवळ्या जर्सीतला एक पोरगा एका गुडघ्यावर टेकलेला असतो. हात समुद्राच्या दिशेने ताणलेला, कानांवर जाड कप, डोळ्यांवर गॉगल. त्याच्या मागे आणखी वेगवेगळ्या रंगांतली माणसं. बाही मनगटाशी घट्ट बसलीय का, वरचं जॅकेट कमरेला नीट आवळलंय का, कुठे बंद लोंबतोय का, हे मी बघते.

धंद्याची खोड, दुसरं काय. सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आणि टॉवेल आठवतो, पण गणवेशाचा धंदाही इथे आता चांगला वाढलाय. आमचं युनिट अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. शाळेचे शर्ट-पिनाफोर, नर्सिंग कॉलेजचे एप्रन, सिक्युरिटीवाल्यांचे सफारी. एप्रिल ते जून आमच्याशी कुणी बोलायला येऊ नये. बाकीच्या महिन्यांत मी वाचते. वाचनात नौदल घुसलं ते भाच्यामुळे. त्याला एनडीएत जायचं होतं, गेला इंजिनिअरिंगला, आणि त्याने जमवलेल्या मासिकांचा गठ्ठा माझ्याकडे राहिला.

जहाजाच्या सपाट माथ्यावर, म्हणजे डेकवर, जेट इंजिन चालू असताना शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. सगळ्यांनी वायरलेसवर बोलायचं ठरवलं तर नुसता कालवा. त्यामुळे कोण काय काम करतो ते रंगावरून ओळखायचं आणि बोलायचं ते हातवाऱ्यांनी. विमानाला जागेवरून हलवणारा पिवळ्यात. आत बसलेला वैमानिक हुद्द्याने कितीही मोठा असला तरी डेकवर तो स्वतःच्या मनाने हातभरही पुढे जात नाही, पिवळ्या जर्सीच्या हाताकडे बघत सरकतो. अमेरिकी नौदलात इंधन भरणारी मंडळी जांभळ्यात असतात आणि त्यांना सगळे ‘द्राक्षं’ म्हणतात. सोलापूरजवळच्या नान्नजची द्राक्षं खात वाढलेल्या बाईच्या हे लक्षात राहणारच.

आणि फॉड, म्हणजे इंजिनात ओढला जाऊ शकणारा डेकवरचा बारीकसारीक कचरा. उड्डाणं सुरू व्हायच्या आधी डेकवरची माणसं एक आडवी ओळ करतात आणि जहाजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मान खाली घालून चालत जातात. नट, स्क्रू, तारेचा तुकडा, खडा, पेनाचं टोपण, जे दिसेल ते उचलायचं. एवढासा नट इंजिनाने आत ओढला की पाती जातात, इंजिन जातं, आणि नेमकं उडतानाच गेलं तर वैमानिकही वाचेल याची खात्री नाही. या फेरीत अधिकारी-खलाशी असा भेद नसतो, वाकून सगळेच बघतात. हे वाचलं त्या दिवशी मी आमच्या फिनिशिंगच्या टेबलाशी जाऊन बटणं ओढून बघत बसले होते. आमचं बटण तुटलं तर फार फार तर पोराची आई दुकानदाराशी भांडेल. तिथे सैल बटण कुणाच्या तरी जिवावर बेतू शकतं.

तर २०२५ च्या जूनमध्ये सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालं. बाहेरच्या वाचकाला यात काय विशेष ते कळणार नाही. विमानाच्या वाटेत येणाऱ्या सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या चिमणीचा वाद इथल्या शेंबड्या पोरालाही तोंडपाठ आहे. एका बाजूला ऊस घालणारे शेतकरी, दुसऱ्या बाजूला विमान हवं म्हणणारं शहर, आणि दोघांचंही म्हणणं खोटं नव्हतं. १५ जून २०२३ ला चिमणी पाडली. त्यानंतरही प्रवासी विमान यायला दोन वर्षं गेली. त्यामुळे विमान उतरताना आकाशातून एक तिरकी रेघ धरून खाली येतं, ती रेघ मोकळी लागते आणि मध्ये एक उंच वस्तू आली तर सगळं अडून बसतं, हे सोलापूरकरांना कुणी शिकवायला नको. आमची धावपट्टी दोन किलोमीटरच्या आसपास आहे. तिच्यावर नव्या विक्रांतएवढी, म्हणजे आपल्या देशात बांधलेल्या विमानवाहू जहाजाएवढी, सात जहाजं एकामागे एक उभी राहतील. विक्रांतची पूर्ण लांबी २६२ मीटर. त्यातलाही उतरायला मिळणारा पट्टा आखूड, तोसुद्धा जहाजाच्या नाकाच्या रेघेत नाही, डावीकडे तिरका काढलेला. का तिरका, तर विमान थांबलं नाही तर पुढे उभ्या केलेल्या विमानांवर न आदळता बाजूने निघून जावं म्हणून. आणि ही धावपट्टी पुढे पळत असते, वरखालीही होत असते.

आम्ही बहिणी-बहिणी आणि पोरंटोरं त्या विमानाने गोव्याला गेलो. विमान उतरतं मोपाला आणि मला जायचं होतं बोगमाळोला, म्हणजे अख्खा गोवा ओलांडायचा. दाबोळीजवळ नौदलाच्या आयएनएस हंसा या हवाई तळाच्या शेजारी नेव्हल एव्हिएशन म्युझियम आहे. घरच्यांनी नाकं मुरडली. भाचीने तर ‘मावशी, गोव्याला येऊन म्युझियम?’ असं तोंडावर सांगितलं. नंतर सगळ्यात जास्त फोटो तिनेच काढले, कारण आवारात सुपर कॉन्स्टेलेशन उभं आहे. एके काळी एअर इंडियाचे प्रवासी नेणारं, चार पंख्यांचं, तीन शेपट्यांचं देखणं विमान. ते पुढे हवाई दलाकडून नौदलाकडे आलं आणि समुद्रावर गस्त घालायला लागलं.

मी मात्र सी हॉक आणि अलिझेभोवती घुटमळत होते. १९६१ साली पहिली विक्रांत नौदलात आली, तेव्हा तिच्यावर हीच दोन विमानं होती. सी हॉक जेट, अलिझे पंख्याचं, पाणबुड्या हुडकणारं. १९७१ च्या युद्धात ४ डिसेंबरला विक्रांतवरच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझार आणि चितगावावर हल्ले केले. एका बॉयलरला तडा गेलेला, त्यामुळे जहाजाला पूर्ण वेग घेता येत नव्हता, आणि वेग नसला की डेकवर समोरून वारा कमी मिळतो, वारा कमी की विमान उचलायला अवघड. तरी त्यांनी भागवलं. या सगळ्याच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे: विमानाच्या शेपटाखालचा हुक.

मी वाकून तेच शोधत होते. तेवढ्यात मागून आवाज आला, ‘ताई, काय पडलं का?’

साठी ओलांडलेले गृहस्थ, बरोबर नात. मराठी ऐकून विचारपूस झाली, तर निघाले सांगोल्याकडचे. नौदलात होते, जुन्या विक्रांतच्या डेकवर. मी हुक बघतेय म्हटल्यावर त्यांचा चेहराच खुलला. मग नात एका दगडावर बसून मोबाइल बघत राहिली आणि आम्ही दोघं उन्हात.

‘ह्यो हुक खाली सोडायचा,’ ते हाताने दाखवत होते, ‘आन् डेकवर आडव्या तारा. एक नाय धरली तर दुसरी. तार धरली का इमान पुढं पळतंय आन् तार त्याला मागं वढती. खाली मशीन असतंय, ते तार हळूहळू सोडतं. एकदम धरलं तर हुकच उपटून यील.’

‘आणि तुम्ही कुठे उभे?’

‘आम्ही कडंला. तारंच्या पट्ट्यात पाय टाकायचाच नाय. पहिल्या दिवशी तेच शिकवत्यात. तार तुटली तर माणूस कापती, ताई. इमान थांबलं का पळत जायाचं, हुक सुटला का बगायचं, तार मागं घ्यायाची, पट्टा रिकामा करायचा. तवर मागचं इमान आलंच.’

मी विचारलं, भीती वाटायची का. ते म्हणाले, ‘भीती वाटंपर्यंत टाइम कुठं होता?’

मग त्यांनी जे सांगितलं ते मी अर्धवट वाचलं होतं, पण त्याचा अर्थ तिथे उभं राहून डोक्यात शिरला. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी विक्रांतवरून विमान फेकणारं कॅटापल्ट काढलं आणि नाकाला वर उचललेला रॅम्प बसवला, कारण तोवर सी हॅरियर आली होती. हॅरियर म्हणजे जागच्या जागी सरळ खाली उतरणारं विमान. त्याला ना हुक लागतो ना तार. १९८७ मध्ये इंग्लंडकडून घेतलेली विराट तर हॅरियरचंच जहाज. म्हणजे आपल्याकडे जहाजं होती, विमानं होती, डेक होतं, पण तार धरून उतरायची विद्या हळूहळू हातातून गेली. ज्यांना येत होती ते निवृत्त झाले. नवे जे आले त्यांना तिची गरज पडली नाही.

विक्रमादित्य ही विमानवाहू नौका घेतली तेव्हा हे अंगावर आलं. २००४ ला रशियाशी करार, २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये सेवेरोद्विन्स्कला जहाज ताब्यात, मधल्या काळात किंमत फुगत फुगत २३० कोटी डॉलरच्या वर गेली. त्यावर वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने भरले. त्या मानाने कुणी लिहिलं नाही ते हे, की तिच्यावरचं मिग-२९के हे हुकाचं विमान होतं आणि पाव शतकात आपल्या कुणी जहाजावर तार धरली नव्हती. मग पोरं अमेरिकेच्या नौदलाकडे शिकायला पाठवली. गोव्यात हंसाच्या आवारातच जमिनीवर जहाजाचं डेक उभं केलं, तसाच १४ अंशांचा रॅम्प, तशाच तारा. आधी जमिनीवर घोटायचं, मग पाण्यावर जायचं.

आमच्या धंद्यात हे मी बघितलंय. जुना कटिंग मास्तर सुरतेला गेला तेव्हा मशीन तीच, कापड तेच, पॅटर्नचे पुठ्ठे भिंतीला टांगलेले तेच. पण एका थरात दीडशे पदर कापताना चाकू किती दाबायचा, कॉटनला किती आणि टेरीकॉटला किती, हे पुठ्ठ्यावर लिहिलेलं नसतं. नवा मास्तर तयार होईपर्यंत दोन सीझन आम्ही कॉलर उसवत बसलो. विमानवाहू जहाजाचंही माझ्या मते असंच आहे. जहाज पैसे टाकून मिळतं, विमानही मिळतं. डेकवरचा हात मिळत नाही. तो एकाने दुसऱ्याला द्यावा लागतो, आणि मध्ये खंड पडला की पहिल्यापासून सुरुवात.

उतरायचं कसं असतं ते थोडं सांगते, कारण त्याशिवाय यातलं अवघडपण कळत नाही. प्रवासी विमान जमिनीजवळ आल्यावर नाक जरा उचलतं आणि अलगद टेकतं. जहाजावर ती चैन नाही. ठरलेल्या कोनात तसंच खाली यायचं आणि डेकवर जवळजवळ आपटायचं. तारा तीन. चाकं टेकताक्षणी वैमानिक इंजिन पूर्ण जोरात सोडतो, म्हणजे थांबायच्या वेळी तो पळायची तयारी करत असतो. हुकाने तार धरली तर ताशी २४० किलोमीटरवरून शून्यावर यायला अडीच सेकंद लागतात. नाहीच धरली तर जोर आधीच लावलेला असतो, तसंच पुढे निघून पुन्हा गिरकी घेऊन यायचं. डेकच्या कडेला एक अधिकारी उभा असतो. तोही वैमानिकच. त्याचं सगळं लक्ष येणाऱ्या विमानाच्या कोनावर, आणि पटलं नाही तर ‘परत जा’ म्हणायचा हक्क त्याचा. वर हेलिकॉप्टर घिरट्या घालत असतं, कुणी पाण्यात पडलं तर उचलायला. आणि जहाज स्वतः वाऱ्याच्या तोंडावर वळलेलं. एक माणूस उतरतो, पण त्याला उतरवायला दोन-चारशे माणसं कामाला लागलेली असतात.

११ जानेवारी २०२० ला, म्हणजे इकडे सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेची धामधूम सुरू असताना, कमोडोर जयदीप मावळणकरांनी तेजसचं नौदलासाठी बनवलेलं रूप विक्रमादित्यवर उतरवलं. आपल्या देशात बनलेलं लढाऊ विमान पहिल्यांदाच जहाजाच्या तारेवर थांबलं. दुसऱ्या दिवशी रॅम्पवरून उडवूनही दाखवलं. आता गंमत बघा, हे विमान नौदल घेणार नाही हे तेव्हा ठरलेलंच होतं. जहाजावरून पुरेसं इंधन आणि शस्त्रं घेऊन उडण्याएवढा जोर त्यात नाही, असं नौदलाने २०१६ मध्येच सांगून टाकलं होतं. मग खटाटोप कशाला, असं आमच्या ग्रुपवर एकाने विचारलंही. अहो, विमान नापास झालं, हात पास झाले! जगात हे करून दाखवलेले देश बोटांवर मोजण्याइतके. हुक किती मजबूत लागतो, चाकांचे पाय किती जाड लागतात, कोन कसा धरायचा, हे आता आपल्या माणसांच्या वहीत आहे. पुढचं दोन इंजिनांचं विमान त्याच वहीवरून आखलं जातंय.

नवी विक्रांत मात्र मनापासून आवडते. कोचीच्या गोदीत बांधलेली, २ सप्टेंबर २०२२ ला नौदलात आली. पोलाद बाहेरून मिळेना म्हणून हैदराबादच्या प्रयोगशाळेने आणि सेल या सरकारी पोलाद कंपनीने मिळून आपलं तयार केलं, डेकला वेगळ्या जातीचं, कारण रोज त्याच्यावर काही टनांची विमानं आपटणार. आत २३०० खण, १६०० माणसं. सामान पुरवणाऱ्यांच्या यादीत भेल, लार्सन अँड टुब्रो, किर्लोस्कर अशी मोठी नावं आहेत आणि शंभरावर लहान कारखाने आहेत. मला त्या लहान कारखान्यांचं जास्त कौतुक, कारण सरकारी तपासणीत माल पास करून घेणं म्हणजे काय ते मला माहीत आहे.

त्याच दिवशी नौदलाचा झेंडा बदलला, शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. २०२३ च्या नौदल दिनानंतर अ‍ॅडमिरलांच्या खांद्यावरच्या पट्ट्याही बदलल्या, त्यावर अष्टकोन, तलवार आणि दुर्बीण. पट्टीवर एवढं बारीक काम एकसारखं उठवायला किती नमुने रद्द झाले असतील, या विचाराने मला त्या अनोळखी कारागिराची दया आली.

विक्रांतवर तेजस आणि मिग २०२३ च्या फेब्रुवारीत उतरले, मे महिन्यात मिग रात्री उतरलं. रात्रीचं उतरणं म्हणजे खाली पाणी काळं, वर आभाळ काळं आणि मधल्या दिव्यांवर विश्वास ठेवायचा. जूनमध्ये विक्रमादित्य आणि विक्रांत अरबी समुद्रात एकत्र, ३५ च्या वर विमानं घेऊन. २०२५ च्या मे महिन्यात ऑपरेशन सिंदूरच्या वेळी विक्रांत आपल्या ताफ्यासह उत्तर अरबी समुद्रात उभी होती. एकही विमान हल्ल्याला न पाठवता शत्रूच्या जहाजांना बंदरात बसवून ठेवणं, हेही या जहाजाचं काम.

आमचे आताचे मास्तर मात्र या सगळ्यावर खूश नाहीत. पद्मशाली घरातले, हिशेबाला पक्के. त्यांच्याकडे अजून बजाजची व्ही१५ आहे, जुन्या विक्रांतच्या भंगारातलं लोखंड वितळवून टाकीत घातलेली. टाकीवर कुणी हात मारला तरी ‘हळू, जहाज आहे ते’ म्हणून ओरडतात. पण नव्या जहाजांचा विषय निघाला की म्हणतात, ‘अक्का, एक क्षेपणास्त्र लागलं तर वीस हजार कोटी पाण्यात. त्यापेक्षा पाणबुड्या घ्याव्या.’

मास्तर एकटे नाहीत. २०२० मध्ये तेव्हाचे सीडीएस, म्हणजे तिन्ही दलांचे संरक्षण प्रमुख, जनरल बिपिन रावत यांनीही तिसऱ्या जहाजापेक्षा पाणबुड्यांना आधी पैसे द्यावेत असं म्हटलं होतं. मुद्दा खोडण्यासारखा नाहीच. त्यात दुसरा हिशेब धरा: विक्रांत साधारण २०,००० कोटींची, आणि तिच्यासाठी घेतलेली २६ राफेल, शस्त्रं आणि बाकी सामानासकट, ६३,००० कोटींच्या आसपास. २८ एप्रिल २०२५ ला सही झाली. जहाजाच्या तिप्पट खर्च विमानांचा! पैसा जहाजात जातो असं मास्तर म्हणतात, तो खरं तर विमानांत जातो. विमानं २०२८ पासून यायला लागतील. मिगचे पंख दुमडतात, राफेलचे दुमडत नाहीत, आणि विक्रांतची विमानं वरखाली नेणारी लिफ्ट मिग डोळ्यांसमोर ठेवून आखलेली. एवढ्या मोठ्या कामात शेवटी घोडं मापाशी अडतं हे ऐकून मास्तर खो-खो हसले.

पण मी त्यांना जे म्हणाले ते इथेही लिहिते. दोन जहाजांपैकी एक दुरुस्तीला गोदीत गेलं की समुद्रावर एकच उरतं, आणि दोन्ही बाजूंना समुद्र असलेल्या देशाला एक पुरत नाही. हे नौदलाचं म्हणणं, ते सगळ्यांना माहीत आहे. माझं म्हणणं त्याहून लहान आहे. विक्रांत बांधलेले वेल्डर, पाइपफिटर, आखणीवाले कोचीत आहेत. २००९ ला कणा घातला, २०२२ ला जहाज तयार झालं, तेरा वर्षांत ती माणसं शिकली. त्यांना पुढचं मोठं जहाज मिळालं नाही तर ती दुसऱ्या कामाला लागतील, आणि दहा वर्षांनी आपण परत पहिल्यापासून पुठ्ठे कापत बसू. पाणबुड्याही घ्या, जरूर घ्या. पण तारेचं एकदा विसरून झालंय, वेल्डिंगचं विसरायला नको. चीन यात खंड पडू देत नाही. २०१२ ला पहिलं जहाज, २०१९ ला दुसरं, आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये तिसरं, विजेच्या कॅटापल्टचं.

मास्तर म्हणाले, ‘बघू.’ त्यांचं ‘बघू’ म्हणजे पटलेलं नाही.

आपल्याला जुन्या जहाजांची किंमत नाही, हेही जाता जाता. पहिली विक्रांत मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, तिच्यासाठी पैसा उभा राहिला नाही आणि २०१४ मध्ये दारूखान्यात ती तोडली. विराटचं तरंगतं संग्रहालय सिंधुदुर्गात निवतीजवळ करायचं म्हणून राज्याच्या मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये ८५२ कोटींचा प्रस्ताव मंजूरही केला. २०२० मध्ये ती अलंगला भंगारात गेली. आता मास्तरांची टाकी तेवढी शिल्लक.

भाचीला मी गोव्याहून परत येताना एक बातमी दाखवली. ३ जुलै २०२५ ला विशाखापट्टणमला सब लेफ्टनंट आस्था पूनिया यांची नौदलाच्या लढाऊ विमानांसाठी निवड झाली, तिथे पोचलेली ही पहिली मुलगी. अजून बरंच शिक्षण पुढे आहे, तारेपर्यंत पोचायला वेळ आहे. विक्रांतवर बायकांसाठी वेगळ्या केबिन आधीपासून बांधलेल्या आहेत, तेवढं शहाणपण आखणाऱ्यांनी दाखवलं. भाचीने विचारलं, ‘मावशी, मुलींच्या मापाचे जी-सूट, ते वैमानिकांचे घट्ट कपडे, असतात का?’ पोरगी आमच्याच घरातली आहे, शंका नाही.

म्युझियमला जाणार असाल तर सोमवार टाळा, त्या दिवशी बंद असतं. बहुतेक विमानं उघड्यावर आहेत, तेव्हा सकाळी लवकर जा आणि टोपी न्या. अलिझेच्या पोटाखाली वाकून बघायला लाजू नका.